मालकांचं नाव

“पेशंटचं नाव सांगा,” फोनमधली मुलगी हिंदीत पुन्हा म्हणाली, आणि काशम्मानं पुन्हा पदर तोंडाला लावला.

मीच सांगायला गेले, तर म्हणे फक्त नातेवाइकानंच बोलायचं, कॉल रेकॉर्ड होतोय. फोन बंद झाला. लगेच मेसेज आला: नातं सिद्ध होत नाही, ऑपरेशन नामंजूर.

काशम्मा अक्कलकोटकडची. तिचा नवरा घशाची गाठ घेऊन सोलापुरात आमच्या सरकारी वॉर्डात पडलेला. श्वासासाठी गळ्याला नळी बसवलेली, म्हणून आवाज बंद. गाठ वाढत चाललेली आणि सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी आल्याशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं.

“एकदा नाव घ्या की, काशम्मा,” मी म्हणाले.

“मालकाचं नाव कसं घिऊ, सिस्टर? त्येंचं आयुष्य कमी हुतंय. लग्नात उखाण्यात घेतल्यालं, तेवढंच.”

मला राग तिचा नाही आला. पूर्वी ही पडताळणी आमच्याच दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीतल्या गिरिजाबाई करायच्या. बाई नाव घेईना, तर शेजारच्या खाटेवरल्या बाईला विचारून शिक्का मारायच्या. मग टेंडर निघालं. सगळ्यात कमी दर भरेल त्याला काम, हा नियम. ज्यानं दर भरला त्यानं काम दुसऱ्याला दिलं, दुसऱ्यानं समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात नेलं, आणि गिरिजाबाई घरी बसल्या. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

मी ठेकेदाराच्या माणसाशी कडाकडा भांडले. तो शांतपणे म्हणाला, “सगळं करारात बसतंय, सिस्टर. आणखी एक कॉल येईल. शेवटचा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॉल आला. मी फोन स्पीकरवर टाकून तिच्यासमोर धरला. काशम्मानं नवऱ्याच्या खाटेची दांडी घट्ट धरली, डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, “महादेवाच्या पिंडीला बेल वाहते वाकून...”

“बाकी माहिती नको. फक्त नाव.”

काशम्मानं डोळे उघडले. मी मान खाली घातली.

“शिवलिंगप्पा,” ती पुटपुटली.

“ऐकू आलं नाही. जोरात बोला.”

“शिवलिंगप्पा.” अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. खाटेवरचा शिवलिंगप्पा टक लावून बायकोकडं बघत राहिला.

मंजुरी मिळाली. मुलगी म्हणाली, आमची सेवा कशी वाटली, एक ते पाचपैकी आकडा दाबा. मी फोन बंद केला. भिंतीवर आपटायचा होता, पण तो काशम्माचा होता.

तोवर काशम्मा मोरीत गेली होती. खळखळून चूळ भरल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं ती आली, पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि नवऱ्याच्या समोर बसून कपाळावर कुंकू लावलं. आधीचं पुसलं नव्हतं. त्याच्यावरच, रुपयाएवढं मोठं.