बुचाचं दुसरं भोक

मित्रांनो, नावाला मी कागद आहे, पण माझ्यावर आजवर कुणी एक अक्षरही लिहिलेलं नाही. केसाहून बारीक कार्बनच्या तंतूंचा, तळहाताएवढा, काळाकुट्ट असा मी कागद. आता म्हातारा झालो आहे. लातूरच्या एका कॉलेजात महानंदा मॅडमच्या टेबलाच्या खणात पडून असतो.

माझं अंग बारीक छिद्रांनी भरलेलं आहे. कारखान्यात मला भाकर न चिकटणाऱ्या तव्यासारखा लेप दिला गेला, म्हणून पाणी अंगावर टिकत नाही. माझी नेमणूक इंधन-घटात झाली. या यंत्रात एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. दोन्हींच्या मिळण्यातून वीज तयार होते आणि सोबत पाणीही. हवा आत घ्यायची आणि पाणी बाहेर काढायचं, हे माझं काम. लग्नाच्या मांडवाला एकच दार असलं की जेवलेल्यांनी वेळेवर बाहेर पडावं लागतं, नाहीतर उपाशी पाहुणे बाहेरच राहतात. माझ्या छिद्रांचंही तसंच आहे.

आणि मी कामाला लागलो ते साल कोणतं? लातूरला रेल्वेने पाणी आलं ते! सारं गाव थेंबाला महाग झालेलं, आणि मी पाणी बाहेर टाकत बसलेलो. मला माझीच लाज वाटायची.

चाकूरकडच्या एका दवाखान्यात वीज सारखी जायची आणि लशींची पेटी गरम व्हायची. आमचा इंधन-घटाचा संच तीन दिवस सलग चालला, तर तो त्या पेटीसाठी जाणार होता. सोमवारी तपासणीला माणसं यायची होती. महानंदा मॅडमनी दोन वर्षं त्यासाठी खपून काढली होती. पहिल्या आठवड्यात वीज मोजणारा काटा वर चढून जागचा हलला नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "कागद मोठा गुणाचा आहे." मी फुशारलो.

प्रयोगशाळेची झाडलोट गौरम्मा करायची. लातूर जिल्हा नवा झाला त्या साली ती इथे लागली होती. यंत्राच्या नळीतून ठिपकणारं पाणी तिने पाहिलं.

"मॅडम, हे पाणी चांगलं हाय का?"

"एकदम शुद्ध, मावशी."

गौरम्मा रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची. टँकरच्या गढूळ पाण्याने लिंगाला स्नान घालताना तिचा जीव तुटायचा. तिने टेबलाखाली एक बाटली ठेवली, बुचाला भोक पाडून नळी आत सोडली आणि कडेने मेण लावलं. पूजेचं पाणी उघडं ठेवायचं नसतं ना!

चूक झाली ती तिथे. पाण्याबरोबर उरलेली हवाही त्याच नळीतून बाहेर पडायची. बाटली बंद झाली, हवा तुंबली, पाणी रेंगाळलं आणि माझी छिद्रं भरून गेली. दुपारपर्यंत काटा खाली आला. मॅडमनी यंत्र उघडलं, तर मी चिंब.

"कागदच गेला," त्या म्हणाल्या. नवा यायला महिना लागणार होता. त्यांनी मला वाळवून परत बसवलं. काटा पुन्हा पडला. त्या खुर्चीत डोकं धरून बसल्या. मी निर्दोष होतो, मित्रांनो, पण कागदाला तोंड कुठे असतं?

शनिवारी सकाळी गौरम्माने पूजेसाठी बूच काढलं. फुस्स करून हवा सुटली. थोड्या वेळाने काटा हळूहळू वर चढला. तिने बूच लावलं, काटा उतरला. तिने तीनदा तसंच करून पाहिलं. निवृत्तीला दोन महिने होते. बाटली गुपचूप उचलून नेली असती, तर कुणाला काही कळलं नसतं.

ती मॅडमकडे गेली. "कागदाला नावं ठिवू नका. बाटलीचं तोंड मीच बंद केल्तं. बूच काढलं की काटा वर यायलाय बघा."

मॅडम उठल्या आणि टेबलाखाली वाकून त्यांनी बाटली पाहिली. मग हसल्या. "मावशी, दोन वर्षं मी आकडे बघितले, बाटली नाही बघितली."

"फेकू का आता?"

"फेकू नका. दुसरं एक भोक पाडा. हवेसाठी."

गौरम्माने त्या भोकावर धूळ जाऊ नये म्हणून विरळ फडकं बांधलं. सोमवारपासून तीन दिवस संच चालला. काटा जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमनी बाटलीतलं पाणी स्वतः गौरम्माच्या तांब्यात ओतलं. गौरम्माचे डोळे भरून आले.

पुढे माझा लेप झिजला आणि माझ्या जागी नवा कागद आला. संच मात्र चाकूरकडे आहे. तिथली नर्स दर उन्हाळ्यात बाटलीवरचं फडकं बदलते आणि नव्या माणसाला दोन्ही भोकं दाखवून सांगते, "ह्यातलं एकबी बुजवू नका. दोन्ही गौरम्माची हायत."

मित्रांनो, पाणी जरूर साठवा, थेंब न् थेंब साठवा. फक्त ज्याच्यातून ते येतं, त्यालाही श्वास घेऊ द्या. आणि काही बिघडलंच, तर खणातल्या मुक्या कागदाला दोष देण्याआधी एकदा टेबलाखाली वाकून बघा.