आत्याच्या वजनाच्या स्प्रिंगा

मेकॅनिक दा अक्लीच्या, म्हणजे अक्लीदादाच्या, गॅरेजात स्प्रिंगांचे दोन संच टेबलावर मांडले होते, आणि नुआराचा जीव लाल संचात अडकला होता. तो घातला की तिची छोटी, चपळ गाडी चक्क पाच सेंटिमीटर खाली बसणार होती. दुसरा संच काळा, गाडी अडीचच सेंटिमीटर खाली बसवणारा. त्याच्याकडे तिने धड पाहिलंही नाही.

गाडी खाली बसवायची घाई तशी खरीच होती. तीन आठवड्यांवर तिचा भाऊ मेझियानचं लग्न आलं होतं, आणि नवरी होती फेरूजा, वसतिगृहात चार वर्षं तिच्याच खोलीत राहिलेली. तेव्हाच नुआराने तिला शब्द दिला होता, की नवरा कोणी का असेना, सासरी नेईन मीच, माझ्या गाडीतून. पण आई गेल्यापासून घरातला प्रत्येक निर्णय वर्दिया आत्याचा. आत्याने नाक मुरडून सांगून टाकलं होतं, "तुझी गाडी अँब्युलन्ससारखी उंच दिसते गं. नवरीसाठी घिलासची घेऊ. कशी जमिनीला चिकटून चालते!"

घिलास चुलत भाऊ. त्याने स्प्रिंगा कापून गाडी इतकी बसवली होती, की टायरच्या वर बोटही शिरत नसे.

"लालच द्या," नुआरा म्हणाली. "मी मोजून आलेय. फेरूजाच्या गावचा, ऐत साल्हाच्या शाळेपुढचा स्पीडब्रेकर सगळ्यात उंच. गावकऱ्यांनी स्वतःच बांधलाय, दहा सेंटिमीटर. माझ्या गाडीचं पोट आत्ता सोळावर. पाच गेले, अकरा उरले. निघते की!"

दा अक्लीने चष्मा कपाळावर चढवला. "मोजलंस तेव्हा गाडीत कोण होतं?"

"मीच."

"पोरी, वरातीत कोणी एकटं जातं का? नवरीशेजारी बायका बसणार, मागे तिची पेटी जाणार. इथे येणारा प्रत्येक शहाणा गाडी रिकामी मोजतो आणि भरून नेतो. जा, ज्या बसणार आहेत त्यांना घेऊन ये."

ज्या बसणार होत्या, त्यांत पहिली वर्दिया आत्या. नुआराने कसंबसं मनवून आत्याला आणि तिच्या दोन जावांना गॅरेजात आणलं. दा अक्लीने वर हुकूम सोडला, की चांदीचे दागिनेही घाला.

"मला काय रव्याचं पोतं समजलास?" आत्या कडाडली. "तुझ्या आईच्या मांडीवर खेळलेली आहे मी, अक्ली!"

"म्हणून तर मान देऊन मागे बसवतोय. बस."

त्या बसल्या. नवरीच्या आणि पेटीच्या बदल्यात रव्याची दोन पोती आत गेली. गाडी सोळावरून अकरावर आली. नुआराने मनातल्या मनात आणखी पाच वजा केले आणि तिचं तोंड उतरलं.

"सहा," दा अक्ली म्हणाला. "नवरी स्पीडब्रेकरवर अडकून बसली असती. आता हा काळा बघ. बसवतो कमी, पण कडक आहे. शेवटचे वेढे जवळजवळ आहेत ना, ओझं वाढलं की तो आणखी ताठ होतो. तीनच दबेल. साडेदहा राहतील."

"म्हणजे अर्धा सेंटिमीटर?"

"अर्धा पुरतो."

लाल संचाकडे शेवटचं पाहून नुआराने काळा उचलला. मन खट्टू झालं होतं, खोटं कशाला सांगा. त्यात घिलासने गाडी पाहून भर अंगणात विचारलं, "ताई, स्प्रिंगा घातल्यास, की नुसती धुऊन आणलीस?" सगळे हसले. नवरीची गाडी घिलासचीच ठरली.

लग्नाच्या दिवशी वरात डोंगर चढून ऐत साल्हाला गेली. घिलास पुढे, रिबिनी लावलेल्या गाडीत एकटाच, कारण मागची सीट नवरीसाठी स्वच्छ ठेवायची होती. प्रत्येक स्पीडब्रेकर त्याने तिरका घेत लीलया पार केला. नुआराची गाडी दुसरी. घिलासची गाडी रिकामी आहे हे तिने पाहून ठेवलं.

परत निघताना वडिलांच्या बुरनूसच्या, त्या लांब लोकरी झग्याच्या, पंखाखालून फेरूजा बाहेर आली आणि घिलासच्या गाडीत बसली. दोन्ही बाजूंना आत्याच्या जावा, पुढे आत्या, डिकीत पेटी. शाळेपाशी पुढची चाकं स्पीडब्रेकर ओलांडून गेली आणि गाडीचं पोट खर्रकन त्याच्यावर टेकलं. घिलासने गॅस दिला, मागे घेतली, पुन्हा गॅस दिला. गाडी हलेना.

"सगळ्यांनी उतरा, मग निघेल," तो घामाघूम होऊन म्हणाला.

"नवरी उतरणार? मातीत पाय ठेवणार?" आत्या गरजली. "बापाच्या उंबऱ्यावरून निघालेला पाय नवऱ्याच्याच उंबऱ्यावर टेकेल! नुआरा!"

नुआराने गाडी शेजारी आणून लावली. दोन दारांमध्ये तीन पावलांचा रस्ता होता. आत्या खाली उतरली, कमरेला गुंडाळलेलं लाल-पिवळं वस्त्र, तिची फुता, सोडली आणि स्वतःच्या हाताने धुळीत अंथरली. फेरूजा त्या फुतेवरून चालत आली. मागोमाग दोघी जावा आल्या, पेटी आली आणि शेवटी आत्या.

पुढे तोच स्पीडब्रेकर होता. वरातीतले पुरुष रस्त्याकडेला वाकून गाडीच्या पोटाखाली बघू लागले. ढोल थांबले. नुआराने पहिला गिअर टाकला. पुढची चाकं चढली, उतरली. तिने तो खर्र आवाज येण्याची वाट पाहिली.

आवाज आला नाही. मागची चाकंही चढून उतरली.

"निघाली!" खाली वाकलेला कोणीतरी ओरडला, आणि सगळ्या वरातीने एकदम हॉर्न दाबले. फेरूजाने मागून नुआराच्या गळ्यात हात टाकले. "वसतिगृहातला शब्द पाळलास गं," ती म्हणाली. नुआरा रडत होती आणि हसतही होती.

आत्याच्या डोक्यात आता प्रकाश पडला. "म्हणून त्या दिवशी मला दागिन्यांसकट बसवलं होतंस होय?"

नुआराने भीतभीत मान हलवली.

आत्याने काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि अडकलेल्या गाडीकडे बघून सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडली, "अरे घिलास! पुढच्या वेळी स्प्रिंगा घेशील ना, तेव्हा आधी मला बोलाव!"