फुलं गळल्यावर छाटा

मी एक जुनी सिरेन आहे. लायलॅक म्हणतात ना, तेच फुलझाड. इसिक-कुल तळ्याच्या काठी, निळ्या चौकटीच्या एका खिडकीखाली मी उभी आहे. गावातल्या बाकीच्या सगळ्या सिरेन जांभळ्या. पांढरी मी एकटीच.

बुरुल लग्न होऊन या घरात आली तेव्हा मी तिच्या मांडीवर होते. तिच्या आईच्या अंगणातल्या सिरेनच्या बुडाशी फुटलेला वीतभर कोंब, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. सासरचा पहिला चहा प्यायच्या आधी तिनं मला मातीत लावलं. सासू म्हणाली, "सून आणली का माळीण?"

मित्रांनो, पुढं चाळीस वर्षं मी फुलले. पण मला कुणी छाटलं नाही. बुरुल हातच लावू द्यायची नाही, आईचं झाड ना. त्या मायेनंच माझं वाटोळं केलं. शेजारच्या सफरचंदानं ऊन अडवलं, तशी मी उन्हामागं उंच उंच होत गेले. खाली नुसत्या काटकुळ्या तंगड्या. वर चार फुलं, तीही छपराच्या वर.

मग बुरुल आजारी पडली. खिडकीजवळच्या खाटेवरून तिला दिसायच्या त्या माझ्या तंगड्याच. एकदा नवऱ्याला म्हणाली, "आम्ही दोघी सारख्याच झालोय. नुसती हाडं."

नवरा असानकुल. सगळा जन्म घोड्यांत गेलेला, झाडातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो आसपासच्या गावांत विचारत फिरला आणि येताना करवत घेऊनच आला. फुलं गळताच त्यानं माझे सगळ्यात जुने दांडे अगदी जमिनीलगत कापले. बुरुल खाटेवरून रडत म्हणाली, "माझ्या आईला कापताय तुम्ही."

"सगळी नाही कापत, तिसरा हिस्साच," तो म्हणाला. "तीन उन्हाळे दे मला. फुलं तुझ्या खिडकीत आणून देतो."

आणि तो शब्दाला जागला. दर उन्हाळ्याला तिसरा हिस्सा, तोही फुलं गळल्यागळल्या. पुढच्या वर्षीच्या कळ्या आम्ही आदल्या उन्हाळ्यातच धरतो, म्हणून उशीर चालत नाही. सफरचंदाची आडवी फांदी काढून त्यानं मला ऊन दिलं. हिवाळाभर चुलीतली राख घातली. बुडातून कोंब आले, दाट, बरोबर खिडकीच्या उंचीचे. चौथ्या एप्रिलात माझं प्रत्येक टोक कळ्यांनी फुगलं होतं. असानकुल फार बघायचा नाही, नजर लागेल म्हणून.

तेव्हाच बुरुलला काराकोलच्या इस्पितळात न्यावं लागलं. थोड्या दिवसांनी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. मे बघतील. जूनचं सांगता येत नाही.

हे गावात कळलं आणि गावानं अशर केला. अशर म्हणजे न बोलावता जमायचं, शेजाऱ्याचं काम उरकून द्यायचं, आणि त्याच्या घरचा चहा पिऊन जायचं. कुणी छपराचा पत्रा ठोकला, कुणी भिंतींना चुना लावला. शेजारचा कालीस मेंढ्या कातरायची कात्री घेऊन माझ्याकडं वळला. त्याच्या हातात माया होती, मित्रांनो, खोटं कशाला सांगू. "बुरुल-आपाला खिडकीतून तळं दिसू दे," म्हणत म्हणत त्यानं मला मेंढीसारखी कातरली. गुळगुळीत, सपाट. सगळ्या कळ्या गाईपुढं टाकल्या.

संध्याकाळी गाडी आली. असानकुल उतरला, त्यानं मला पाहिलं, आणि कुंपणाला धरून उभा राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. अशरला आलेल्या माणसाला बोल लावायचा नसतो.

"भलं होवो तुझं, कालीस," तो म्हणाला. "नीटनेटकं केलंस." मग आपल्या हातानं सगळ्यांना चहा ओतला. चहा वाटीत कमी आणि बाहेर जास्त पडत होता.

बुरुलनं खिडकीतून बघितलं. तिला काय ते कळलं. "अहो," ती म्हणाली, "तळं दिसतंय बरं का."

मे आला. सगळ्या गावाला सिरेनचा वास. कालीसच्या बायकोनं बरणीत जांभळी फुलं आणून दिली. बुरुलनं हुंगली, छान आहेत म्हणाली, आणि तोंड माझ्याकडं वळवलं. माझ्याकडं नुसती पानं होती. वाऱ्यानं हलतील तेवढी हलवली मी.

महिना संपायच्या आत ती गेली.

पुढच्या मेमध्ये तिच्या वर्षाच्या जेवणाला गाव जमलं. मी तेव्हा खालपासून वरपर्यंत पांढरी झाले होते. माझी फुलं खिडकीतून आत शिरून रिकाम्या खाटेवर टेकली होती. कालीस हरखून गेला.

"बघा, असानकुल-आके, मी कातरली म्हणून कशी भरलीय! तुम्ही तेव्हा कुंपणाला धरून उभे राहिलात, मला वाटलं रागावलात."

"हात चांगला आहे तुझा," असानकुल म्हणाला. "फक्त पुढच्या वेळी फुलं गळल्यावर छाट."

"आधी छाटली तर काय होतं?"

असानकुलनं त्याच्या वाटीत चहा ओतला. या वेळी एक थेंब सांडला नाही.

"काही नाही रे. वर्षभर थांबावं लागतं."

मित्रांनो, आम्हाला छाटा, जरूर छाटा. नाही छाटलं तर आमच्या नुसत्या तंगड्या होतात. पण कात्री लावायच्या आधी घरात जाऊन एवढं विचारा, की यंदा खिडकीशी कोण बसलंय.