साहेबांच्या लग्नाचा फोटो

स्वप्नालीला जुळं झालं ते २०१९ साल. त्याच वर्षी मार्चमध्ये, आखातातल्या रिफा गावी, मोठ्या साहेबांना ऐंशी पुरी झाली, आणि स्वप्नालीच्या बापाच्या, पांडुरंगाच्या हातून ती चूक घडली.

पांडुरंग मूळचा संगमेश्वरचा. छत्तीस वर्षं तो सर एडमंड विन्सलेड यांची गाडी चालवत होता. साहेबांचं घराणं लंडनचं, बँकवाल्यांचं. पाच पिढ्यांमागे राजाला लढाईसाठी पैसा पुरवला म्हणून नावाआधी ‘सर’ लावायचा मान मिळाला. तो बापामागून थोरल्या मुलाकडे जायचा. साहेब गाडीत मागे बसून त्याच्या गोष्टी सांगत. दुसऱ्या सरांनी सख्ख्या भावाला पिस्तुलाने उडवलं. चौथ्यांना पुतण्याने शिकारीत गोळी घातली. चुकून, असं कोर्टात ठरलं. साहेब हसत, पांडुरंग मान डोलवी.

आता पाळी थोरल्या रूपर्टची होती. बँकेतली बापाची खुर्चीही त्या मानाबरोबरच यायची. धाकटा जाइल्स त्यावरून वर्षानुवर्षं धुमसत होता. रूपर्टला पांडुरंगाच्या बायकोने, शेवंतीने, अंगाखांद्यावर वाढवलेलं. या दोघांशी तो मराठीच बोले.

गावाकडे ऐंशी झालेल्या माणसाला ओवाळतात. शेवंतीने तबक सजवलं. पांडुरंगाने ट्रंकेतून साहेबांच्या लग्नाचा फोटो काढला आणि जवळच्या झिंज भागातल्या दुकानातून काचेची फ्रेम करून आणली. शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या टेबलाशी, ओवाळून झाल्यावर त्याने तो साहेबांच्या हातात ठेवला. साहेब पांढरेफटक पडले. पांडुरंगाला वाटलं, गेलेल्या बाईसाहेबांची आठवण आली.

फोटोत शेवंतीच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. हे कोण, असं जाइल्सने विचारलं.

“रूपर्टबाबा,” पांडुरंग कौतुकाने म्हणाला. “लग्नभर रडत होते.”

लग्नाआधी जन्मलेल्या मुलाला तो मान मिळत नाही, आईबापांनी मागाहून लग्न केलं तरी. टेबलाशी बसलेल्या तिघा बापलेकांना हे माहीत होतं. पांडुरंगाला नव्हतं. त्याच्या लेखी बापाने आपला म्हटला की तो थोरलाच.

जाइल्सने फ्रेम ओढून घेतली आणि बराच वेळ पाहिली.

“म्हणजे सर मी होणार,” तो म्हणाला. “आणि तू या आयेचा पोरगा. आपली आई काय होती, तेही आज कळलं.”

रूपर्टने पितळी कॉफीदाणी उचलून त्याच्या तोंडावर हाणली. दात तुटून ताटात पडले. जाइल्सने फ्रेम त्याच्या डोक्यावर फोडली. दोघं टेबलावरच्या चादरीसकट खाली आले. रूपर्ट भावाच्या छातीवर बसला आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा आवळू लागला. जाइल्सचे डोळे बाहेर आले.

आपला पोर खुनी होणार, एवढंच पांडुरंगाला दिसलं. त्याने मागून रूपर्टला कवळ घातली आणि दोन्ही हात जखडून ओढलं.

“काका, सोडा मला,” रूपर्ट म्हणाला.

पांडुरंगाने सोडलं नाही. जाइल्सने जमिनीवरची काच मुठीत धरली आणि रूपर्टच्या गळ्यात खुपसली, मग काढून पुन्हा. रक्त शेवंतीच्या तबकावर उडालं, निरांजन विझलं.

हात कोणी धरले होते, असं पोलिसांनी विचारलं. पांडुरंगाने खरं सांगितलं. जाइल्स तुरुंगात गेला, आणि महिनाभरात तिथेच सर झाला.

रूपर्ट १५ मार्च २०१९ ला दुपारी, पांडुरंगाच्या हातात मेला. सर एडमंड ६ एप्रिलला गेले.