तिसऱ्या मजल्यावरची बातमी

रुग्णालयाच्या लिफ्टचं बटण पत्रककाकांनी तिसऱ्यांदा दाबलं आणि दाराला कान लावला. आत काही हललं नाही.

“काका, बटण झिजेल,” स्टुलावर बसलेला लिफ्टमन म्हणाला. “सोमवारी दुपारी आमदारताई आल्या, फीत कापली, वर गेल्या, खाली आल्या, फोटो झाला. संध्याकाळपर्यंत छान चालली. काल सकाळपासून हे असं.”

“कशामुळे?”

“आतलं कार्ड जळलं म्हणतात. कंपनीचा माणूस येणार आहे आठ दिवसांत. आता त्यांचे दिवस आपल्या दिवसांपेक्षा मोठे असतात, ते सोडा.”

काकांनी वहीत लिहिलं, लिफ्ट बंद, बुधवार, सकाळी सात पन्नास. मग ते जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीजवळ त्यांची बायको भिंतीला टेकून उभी होती.

“झालं दाबून?”

“बंद आहे.”

“ते मला इथूनच कळलं. चला, हात द्या.”

काकूंच्या दोन्ही किडन्यांनी दीड वर्षापूर्वी काम सोडलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यातून तीनदा त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या यंत्राला चार तास जोडून पडावं लागे. सहासष्ट पायऱ्या होत्या. प्रत्येक मजल्यावर वॉर्डमधल्या कुणा भल्या माणसाने एकेक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. काकू बावीस पायऱ्या चढत, बसत, श्वास परत जागेवर आला की पुन्हा उठत. सोमवारी त्या यंत्रावरून सुटून दुपारी एकला जिन्याने उतरल्या होत्या आणि फीत चारला कापली गेली होती, त्यामुळे लिफ्टने वर जायचा योग काही त्यांना आलाच नाही.

आमदारताईंच्या कार्यालयात पत्रककाका अकरा वर्षं होते. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे उरलं नव्हतं. दर तीन महिन्यांनी ताईंच्या सहीनं मतदारसंघातल्या घराघरात जाणारं चार पानी पत्रक ते लिहीत. कोणता रस्ता झाला, कोणत्या शाळेला छप्पर मिळालं, विधानसभेत ताईंनी काय विचारलं आणि मंत्र्यांनी काय उत्तर टाळलं, असं सगळं त्यात असे. अगदी सुरुवातीला फोनवर ऐकून त्यांनी एका नव्या बसची बातमी दिली होती. एक म्हातारे गृहस्थ पत्रक हातात धरून थांब्यावर दोन तास उभे राहिले आणि मग कार्यालयात येऊन, एक शब्द न बोलता, ते पत्रक काकांच्या टेबलावर ठेवून गेले. शिव्या दिल्या असत्या तर काका विसरले असते. त्या दिवसापासून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. नळ असेल तर सोडून पाहायचा, पूल असेल तर चालून पाहायचा. त्यानंतर चव्वेचाळीस पत्रकं झाली, कुणी खोटं म्हणून परत आणून दिलं नाही, आणि याचा त्यांना मनापासून अभिमान होता.

कार्यालयात मात्र काकूंच्या आजाराचं त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. तीन सकाळी ते “पाहणीला” जातात, एवढंच तिथं माहीत होतं. ताईंच्या दारात रोज पन्नास माणसं आपापलं दुखणं घेऊन येतात, त्यात टेबलाच्या आतल्या बाजूनं आपलं पुढं सरकवायचं, हे त्यांना पटत नव्हतं. काकूंना या सोवळेपणाची गंमत वाटे. “लोक आपलं ठेवतात झाकून आणि दुसऱ्याचं बघतात वाकून,” त्या म्हणत. “तुम्हाला त्याचाच पगार मिळतो.”

दुपारी काका कार्यालयात पोचले तेव्हा पहिलं पान तयार होऊन पडलं होतं. ताईंचा भाचा कार्यालयप्रमुख होता. वय अठ्ठावीस, म्हणून सगळे त्याला मुद्दाम भाचेसाहेब म्हणत. पानावर लिफ्टमध्ये उभ्या ताई हसत होत्या आणि वर ठसठशीत अक्षरांत होतं, “दिलेला शब्द पाळला.”

“भाचेसाहेब, लिफ्ट बंद आहे.”

“माहितीये, काका. आठ दिवसांत दुरुस्त होते. पत्रक लोकांच्या हातात पडायला तीन-चार दिवस जातात, पुढचे चार दिवस कोण तपासायला जातंय? बसतंय की.”

“आणि नाही झाली तर?”

“उद्घाटन झालं का नाही? झालं. मग खोटं काय आहे त्यात?” भाचेसाहेबांनी खुर्ची जवळ ओढली. तो मुलगा वाईट नव्हता, घाईत होता. “काका, उन्हाळ्यात निवडणूक आहे. समोरचे लोक मावशीला लिफ्टवाली बाई म्हणून चिडवतात. दोन वर्षं तिनं ह्या एका लिफ्टसाठी डोकं फोडलंय. नऊ वेळा प्रश्न विचारला. तोंडाशी आलेला घास तुम्ही काढून घेणार?”

 ते नऊही प्रश्न काकांनीच लिहिले होते. ताई किती झगडल्या ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ताईंचा जय झालेला त्यांनाही छापायचा होता. तरी हे पान छापलं तर आधीच्या चव्वेचाळीसांचं काय राहिलं, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. राजीनामा देऊन मोकळं व्हावं असंही क्षणभर वाटलं. मग आठवलं की अजून वाचन व्हायचंय.

ही ताईंचीच पद्धत होती. पत्रक माझ्या नावानं जातं तर ते माझ्या तोंडात बसलं पाहिजे, असं पहिल्या वर्षीच त्यांनी ठरवलं होतं. छापायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला त्या कुठेही असोत, फोनवर सगळं पत्रक काकांना मोठ्यानं वाचून दाखवत. जिथं जीभ अडखळे तिथं काका शब्द बदलत. ताई आजारी असताना रुग्णालयातल्या खाटेवरून वाचन झालं होतं, एकदा तर मुलीच्या लग्नाच्या मांडवामागून.

सहाला फोन वाजला. ताई विधानसभेच्या अधिवेशनाला गेल्या होत्या. मागे माणसांची वर्दळ ऐकू येत होती.

“काका, भाच्यानं सांगितलं मला. पान पाहिलं मी. छापा.”

“ताई, सकाळी मी स्वतः…”

“तुम्ही गेला असणारच. पण या वेळी छापा. मी फार दमलेय, काका. एकदा तरी झालं म्हणू द्या.” आवाजात राग नव्हता, म्हणून काकांना जास्त लागलं.

“बरं,” ते म्हणाले. “वाचन करू या मग.”

ताईंनी सुरुवात केली. “नमस्कार. हिवाळा सुरू झालाय, घरातल्या मोठ्या माणसांना जपा.” इथवर नेहमीसारखं झालं. “आपल्या रुग्णालयाची लिफ्ट अखेर सुरू झाली. आता तिसऱ्या मजल्यावरच्या रुग्णांना एकही पायरी…” त्या थांबल्या. घसा खाकरून पुन्हा म्हणाल्या, “तिसऱ्या मजल्यावरच्या रुग्णांना एकही…”

 कोणता शब्द बदलू, हे काकांनी विचारावं असं ते अडखळणं नव्हतं.

“किती जण जातात हो तिथं रोज?” ताईंनी विचारलं.

“तेवीस.”

“मोजलेत तुम्ही?”

“हो.”

“आणि चढतात कसे?”

“थांबत थांबत. दोघा-तिघांना उचलून न्यावं लागतं.”

 “तुम्ही दुसरं काहीतरी लिहून ठेवलं असणार,” ताई म्हणाल्या. “मी ओळखते तुम्हाला. सांगा एकेक वाक्य. मी म्हणते.”

काका सांगत गेले, ताई मागून म्हणत गेल्या. रुग्णालयाची लिफ्ट दोन वर्षांनी सुरू झाली. एक संध्याकाळ चालली आणि बंद पडली. माझं काम अजून पूर्ण झालेलं नाही. तोवर तेवीस रुग्णांना सहासष्ट पायऱ्या चढाव्या लागतील. त्यांची मी माफी मागते. या शेवटच्या वाक्याला काकांना भीती वाटत होती, पण ताई ते सरळ म्हणाल्या. मग त्यांनी आपण होऊन एक जोडलं. “लिफ्ट चालू होईपर्यंत दर सोमवारी सकाळी आठ वाजता मी त्यांच्याबरोबर जिना चढेन. लिहिलंत?”

“लिहिलं,” काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. शेजारी उभा असलेला भाचेसाहेब कपाळावर हात मारून घेत होता, पण छापखान्याला फोन त्यानंच लावला आणि पानावरचा फोटो काढून टाकायला सांगितलं.

शनिवारपर्यंत पत्रक घरोघर पोचलं. समोरच्या पक्षानं ते चौकात वाचून दाखवलं आणि हसून घेतलं. कार्यालयात बारा माणसं येऊन पत्रक चांगलं होतं एवढंच सांगून गेली, कसलंही काम न काढता. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

काकांना मात्र रविवारभर चैन नव्हतं. संध्याकाळी त्यांनी विषय काढला. “उद्या आपण जरा उशिरा गेलो तर? दहाच्या सुमारास?”

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. “का? तुमच्या ताई आठला येणार म्हणून?”

“तसं नाही. उगाच आपलं घरचं…”

“अहो, तुमच्या पत्रकात मी कधी आले नाही,” काकू म्हणाल्या, “म्हणून काय जिन्यातही यायचं नाही?”

सोमवारी आठला ताई एकट्या आल्या. भाचेसाहेबाला आणि त्याच्या फोटोवाल्याला त्यांनी फाटकाबाहेरच थांबवलं होतं. पहिल्या मजल्यावर पोचल्या तर खुर्चीत एक बाई बसलेली, आणि बाजूला तिची पिशवी धरून पत्रककाका उभे.

“काका, तुम्ही आधीच…” ताईंची नजर बाईच्या सुजलेल्या पावलांवर गेली, मग तिनं धरलेल्या काकांच्या हातावर. “या?”

“माझी बायको.”

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं,” काकूंनीच सांगितलं.

 “अकरा वर्षं तुम्ही मला घराघराची खबर आणून देता,” ताई म्हणाल्या, “आणि हे सांगितलं नाहीत? त्या दिवशी फोनवरसुद्धा?”

“तेविसांतली एक आहे, ताई,” काका म्हणाले. “त्यांतच सांगितली की.”

 ताईंनी पदर खोचला, काकूंचा दुसरा हात घेतला आणि तिघं चढू लागली. काकूंना सवय होती. त्या आपल्या चालीनं जात होत्या. ताईंचं सारं आयुष्य गाडीत आणि खुर्चीत गेलेलं. दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली. काकूंनी तिथली खुर्ची पुढं केली.

“बसा. सगळ्यांचंच होतं असं पहिल्यांदा.”

“तुम्ही बसा, काकू.”

“मी पुढच्या बावीस पायऱ्यांनंतर बसते. तुम्ही बसा.”

आणि आमदारताई मुकाट्यानं बसल्या. काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या, पाठ अगदी ताठ. काका पिशवी घेऊन मागे थांबले होते. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, आणि या बाईसारखी बाई आपण दुसरी पाहिली नाही, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

तिसऱ्या मजल्यावर नर्स दारातच उभी होती. घड्याळाकडे बोट करून म्हणाली, “आज वीस मिनिटं उशीर?”

“आमदारबाई दमल्या होत्या,” काकू म्हणाल्या, आणि खाटेवर बसून सुईसाठी त्यांनी हात पुढे केला.