बदली झाली म्हणून सांगितलं

सकाळची कामं आटोपून ती नवऱ्याचा खाकी सदरा घासत बसली होती. पंपाचं ग्रीस एकदा कापडाला लागलं की जन्माचं चिकटतं. नवरा पाणीखात्यात पंप चालवायचा आणि रात्रपाळी करून उजाडता उजाडता घरी यायचा. त्या दिवशी तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी पंपघरातून निरोप आला, की पाळी संपवून तो वेळेवर निघाला होता. तिनं पायांत चपला सरकवल्या आणि पोलीसचौकीकडे निघाली. सासूबाई दारात आडव्या आल्या.

"कुठं निघालीस? चारचौघांत शोभा करायला?"

"अहो आई, माणूस हरवलाय आपला!"

"हळू बोल, लोक ऐकतील! डोक्यात राख घालून गेला असेल, येईल चार दिवसांनी. पोरीचं लग्न व्हायचंय अजून. बाप पळून गेला म्हणतील, बाहेर बाई ठेवली म्हणतील. कुणी विचारलंच, तर बदली झाली म्हणून सांग."

सासूबाई दुष्ट नव्हत्या हो. न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडायच्या बिचाऱ्या. पण 'लोक काय म्हणतील' या धास्तीनं आजवर जेवढी घरं धुळीला मिळवली, तेवढी दारूनंही मिळवली नसतील.

तिनं सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना सांगितलं, लेकीकडून घोकून घेतलं. एक खोटं लपवायला दुसरं लागतंच. नवं पंपघर आहे, राहायला खोली मिळालीय, कामाचा रगाडा फार आहे. "मजा आहे वहिनी तुमची, नवऱ्याची कटकट नाही!" असं मास्तरीणबाई म्हणाल्या, तेव्हा तीही हसली.

आणि खातं तरी केवढं धन्य! आपला माणूस गेला कुठं, हे बघायला एक शिपाई धाडला नाही. नोकरीवरून काढायची वेळ आली, तेव्हा मात्र चौकशी अधिकारी हजर. तो आला तेव्हा हिच्या दाराला कुलूप होतं, म्हणून त्यानं वरच्या मजल्यावर विचारलं. मास्तरीणबाईंनी भल्या मनानं सांगितलं, "अहो, बदलीच्या गावी आहेत ते. खुशाल आहेत. वहिनीच तर सांगत होत्या."

होतं नव्हतं ते सगळं संपलं, लेकीची शाळा सुटायची पाळी आली, तेव्हा कुठं ती खात्याची पायरी चढली. पेन्शनच्या कारकुनानं तिला बसायला खुर्ची दिली.

"कायदा तुमच्याच बाजूचा आहे, ताई. कर्मचारी बेपत्ता झाला आणि पोलिसांनाही सापडला नाही, तर बायकोला पेन्शन सुरू होते."

"मग द्या ना, साहेब."

"पण तुमचे यजमान बेपत्ता नाहीतच. परस्पर दुसरीकडे राहायला गेलेत, असा शेजाऱ्यांचा जबाब आहे. त्यावरच बडतर्फ झाले ते. बडतर्फ माणसाच्या घरच्यांना काही मिळत नाही."

"ते मीच खोटं सांगितलं होतं!"

"आणि आता खरं बोलताय, हे कशावरून?"

कारकुनानं पाण्याचा पेला पुढं केला. "शेजारी जबाब बदलतील का बघा. बदलला, तर वरच्या साहेबांकडे पाठवून पाहतो. पण आशा धरू नका."

ती तशीच मास्तरीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. मास्तरीणबाईंनी आधी जिन्यात डोकावून पाहिलं.

"हळू बोला वहिनी, लोक ऐकतील. आणि मी कशाला त्या सरकारी भानगडीत पडू? खोटं बोललात तुम्ही, निस्तरायचं मी?"

दार लागलं. खाली सासूबाई कठडा धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग ती जिन्यातच ओरडली, "माझा नवरा हरवलाय! बदलीबिदली काही झाली नाही. माझ्यासाठी कुणीतरी खरं सांगायला चला!"

सासूबाईंनी तिला गप्प केलं नाही. त्या पुढं झाल्या आणि शेजारचं दार ठोठावू लागल्या. "माझा मुलगा हरवलाय हो. मीच लपवायला लावलं हिला. उघडा हो, कुणीतरी उघडा."

आत माणसं होती. बोलणं चाललं होतं, ते थांबलं. ज्या लोकांना कळू नये म्हणून या दोघींनी आपलं घर बुडवलं, त्यांतल्या एकानंही त्या दिवशी कडी काढली नाही.