मानेमागचे केस

रिबेकाचे केस तिसाव्या वर्षीच पिकायला लागले. तिच्या आईचंही तसंच झालं होतं, त्यामुळे तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पण शिरूर डेपोत कंडक्टर म्हणून तिची निवड झाली तेव्हा ती पस्तिशीची होती आणि डोकं निम्मं पांढरं झालं होतं. पहिल्या ड्युटीच्या आदल्या दिवशी ती आरशापुढं उभी राहून म्हणाली, "लोक म्हणतील, एसटीनं आजीबाईला कामाला लावलं."

तिचा नवरा एबनेझर दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. त्याच संध्याकाळी कामावरून येताना त्यानं काळ्या मेंदीची दोन पाकिटं आणली, तिला स्टुलावर बसवलं, खांद्यावर जुना टॉवेल टाकला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं केसांना रंग लावायला घेतला. त्या पहिल्या वेळी तिचे कान आणि मान अशी काही काळी झाली की आठवडाभर ती भर उन्हात मानेला रुमाल गुंडाळून तिकिटं फाडत होती. पुढच्या महिन्यापासून मात्र एक डाग पडला नाही. पुढं बावीस वर्षं, महिन्यातला एक शनिवार ठरलेला. रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाताना तिचे केस काळेभोर असायचे. पुढचे केस ती स्वतः रंगवू शकली असती, पण एबनेझर ब्रश हातात देत नसे. "तू गप बस. आठवडाभर तू लोकांना पुढं सरकायला सांगतेस. आज मी सांगतो, मान खाली घाल."

गेल्या सप्टेंबरात एबनेझर गेला. सकाळी चहा घेऊन पेपर वाचता वाचता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मुलगी सुलक्षणा बडोद्याहून आली, पंधरा दिवस राहिली आणि नोकरी होती म्हणून परत गेली. चर्चचे पाळकसाहेब, मंडळीतल्या बायका महिनाभर येत-जात राहिल्या. मग त्याही आपापल्या कामाला लागल्या. रिबेकाही ड्युटीवर गेली. शिरूरहून न्हावरे, चौफुला, पाटस आणि दौंड. तीच गाडी, तोच धम्मदीप ड्रायव्हर, तेच थांबे.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी तिनं स्वतःच रंग कालवला. पुढून जमलं. कानांवरही जमलं. पण मागं हात जाईना. एक आरसा भिंतीवर, एक हातात, असं करून पाहिलं, तर आरशातला हात उलट्याच दिशेला जाई. तासभर खटपट करून तिनं डोकं धुतलं. दुसऱ्या दिवशी उपासनेत ती बाकावर बसलेली असताना मागून कुणीतरी हलकेच हसलं. कशावर हसलं हे तिला कळायचं कारण नव्हतं, पण तिचा हात आपोआप मानेमागं गेला आणि शेवटचं गीत होईपर्यंत तिथंच राहिला.

पुढच्या महिन्यात ती बाजारपेठेतल्या एका पार्लरमध्ये गेली. तिथली मुलगी चांगली होती. तिनं खुर्ची फिरवली, गळ्याला कापड बांधलं, चौकशी केली, "काकू, पूर्ण काळा करायचा का थोडा ब्राउन?" रिबेका म्हणाली, "काळाच." मुलीनं मानेमागचे केस वर उचलून क्लिप लावली आणि बोटानं तिथली कातडी हलकेच ताणली. तेवढंच झालं. रिबेका खुर्चीतून उठली.

"काय झालं काकू? लागलं का?"

"नाही गं. तुझं काही चुकलं नाही. मला जमत नाही."

मुलीला काही कळलं नाही. रिबेकालाही नीट सांगता आलं नसतं. बावीस वर्षांत तिच्या मानेला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता, हे पार्लरच्या खुर्चीत बसेपर्यंत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती चालत घरी आली आणि पांढऱ्यावर रंग चढवायचा सगळाच खटाटोप तिनं त्या दिवसापासून सोडून दिला. ठरवून नव्हे. पुढचा शनिवार आला, तिनं कपडे धुतले, भाजी निवडली आणि मेंदीचं पाकीट फळीवरच राहिलं.

पांढरे केस आधी भांगात एका रेघेसारखे दिसले. नाताळापर्यंत दोन बोटं आले. मार्चमध्ये उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकून पडायची तेव्हा खिडकीच्या काचेत तिला स्वतःचं डोकं दिसायचं. वरून पांढरं, खालून काळं, मध्ये कुठंतरी तांबूस. डेपोत एकीनं विचारलं, "ताई, बरं नाही का?" मंडळीतल्या एका बाईनं पार्लरचा पत्ता दिला. गाडीत पोरंटोरं 'मॅडम'ऐवजी 'आजी' म्हणायला लागली. धम्मदीप एरवीही फार बोलत नसे.

सुलक्षणाचा दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. एप्रिलमध्ये एकदा ती बोलता बोलता थांबली.

"मम्मी, कलर का नाही करत तू?"

"राहिलं बघ."

"राहिलं म्हणजे? सहा महिने? मी ऑनलाइन पाठवते. नुसतं शॅम्पूसारखं लावायचं असतं. मागंपुढं काही बघावं लागत नाही."

"नको पाठवूस. आता असंच असू दे."

पडद्यावर सुलक्षणाचा चेहरा लहानपणी रडायच्या आधी व्हायचा तसा झाला. "तुला कळत नाही मम्मी. मी फोन लावते आणि तू अशी दिसतेस. दर वेळी मला वाटतं, पप्पा आजच गेले."

"जेवलीस का?" रिबेकानं विचारलं. सुलक्षणा म्हणाली, जेवले. त्यानंतर रविवारचे फोन यायचे, पण नुसते आवाजाचे. नेट नीट चालत नाही, असं सुलक्षणा म्हणायची. रिबेका म्हणायची, हो, इकडंही तसंच आहे.

न्हावऱ्याला सारजाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आठवड्यातून एकदा गाडीत चढायच्या. लेकीकडं चौफुल्याला जायच्या. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळं त्यांना तिकीट माफ होतं, तरी दर वेळी पिशवीच्या तळातून कार्ड काढून दाखवायच्या आणि रिबेकाला गवार नाहीतर दोन लिंबं द्यायच्या. मध्ये पाय मोडल्यामुळं सात-आठ महिने त्या आल्याच नाहीत. मे महिन्यात एका दुपारी काठी टेकत चढल्या, पुढच्या सीटवर बसल्या आणि कार्ड काढलं. रिबेकानं मशीनमधून शून्याचं तिकीट काढून दिलं.

सारजाबाई तिच्याकडं बघत होत्या. "आधीच्या बाई कुठं गेल्या वं?"

"कुठल्या?"

"या गाडीला व्हत्या की. लई दिस व्हत्या. काळ्याभोर केसांच्या, किरिस्ताव व्हत्या. मला हाताला धरून उतरवायच्या. बदली झाली का त्येंची?"

रिबेका हसून म्हणू शकली असती, अहो मीच ती. "हो," ती म्हणाली, "झाली बदली."

"लांब?"

"हो. लांब."

"चांगल्या व्हत्या," सारजाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

रिबेका मागच्या सीटपर्यंत तिकिटं काढत गेली. हात चालत होते, सुटे पैसे मोजले जात होते. ज्या बाईची सारजाबाई आठवण काढत होत्या तिला आता कुणीच ओळखत नव्हतं. एक होता, तो शिरूरच्या दफनभूमीत होता. चौफुला आला. तिनं नेहमीप्रमाणे सारजाबाईंचा दंड धरला, काठी घेतली आणि म्हणाली, "सावकाश. डावा पाय आधी."

सारजाबाई पायरीवरच थांबल्या. "आवाज तर त्योच हाय." मान वर करून त्यांनी डोळे बारीक केले. "अगं माझे बाई! तूच हायस व्हय? आन् मला खोटं बोललीस?"

"चुकलं," रिबेका म्हणाली.

"काय झालं गं तुला?"

मागून लोक उतरायची घाई करत होते. "मालक गेले," रिबेका म्हणाली. गाडीतल्या कुणाला तिनं हे आजवर सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"कवा?"

"सप्टेंबरात."

सारजाबाईंनी काठी काखेत धरली आणि दोन्ही हातांनी तिचं मनगट दाबलं. मागचा माणूस म्हणाला, "ओ आजी, चला की," तेव्हा त्या उतरल्या आणि लेकीच्या घराच्या दिशेनं चालू लागल्या. धम्मदीपनं गाडी काढायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लावला.

जुलैपर्यंत पांढरे केस कानाखाली आले. अंबाडा घातला की खालचा रंगवलेला भाग बाहेर राही, जुन्या दोरखंडासारखा. रिबेकाला त्याची लाज वाटेनाशी झाली होती, पण कंटाळा आला होता. दौंडला गाडी पाऊण तास थांबायची. स्टँडजवळ कोंडिबाचं सलून होतं. एबनेझर नोकरीत असल्यापासून निवृत्तीनंतरही तिथंच केस कापायला जायचा. एका दुपारी ती सरळ आत गेली. एकजण दाढी करून उठत होता. तो तिच्याकडं बघत बाहेर गेला.

कोंडिबा सत्तरीचा. त्यानं तिला ओळखलं. "या वहिनी. बसा. च्या सांगू?"

"चहा नको. हे कापायचंय." तिनं अंबाडा सोडला आणि जिथं पांढरं संपत होतं तिथं बोट ठेवलं. "इथून खालचं सगळं."

"वहिनी, बाईमाणसाचं केस मी कवा कापलं न्हाईत."

"कापून बघा. वाईट झालं तर झालं."

त्यानं खुर्चीवरचं कापड झटकलं, आतून नवं आणलं. कात्री हातात घेतली, पण चालवली नाही. आरशातून तिच्याकडं बघत म्हणाला, "भाऊंनी मला एकदा लई तरास दिलता तुमच्या या केसापायी."

"कसला त्रास?"

"तुमची मान काळी केली व्हती त्येंनी. दुसऱ्या दिशी माझ्याकडं आलं. म्हणलं, कोंडिबा, डाग न पाडता कसं लावायचं ते शिकव. मी म्हणलं, असं तोंडानं सांगून येत न्हाई, करून दाखवावं लागतंय. तर म्हणलं, माझ्या डोक्यावर दाखव. दोन रविवार इथं बसलं. केसाच्या कडंनं व्हॅसलिन कसं लावायचं, ब्रश कसा आडवा धरायचा, समदं. आपल्याच मानंवर मागं आरसा धरून बघायचं."

रिबेकाला ते आठवलं. एबनेझर एकदा काळं कुळकुळीत डोकं घेऊन घरी आला होता. ती पोट धरून हसली होती. त्यानं एवढंच सांगितलं होतं, "हौस आली." पुढं त्यानं आयुष्यात कधी स्वतःचे केस रंगवले नाहीत. तिनं परत विचारलंही नव्हतं.

"मला बोलले नाहीत कधी," ती म्हणाली.

"मलाबी सांगितलं व्हतं, घरी बोलू नगंस." कोंडिबा ओशाळला. "आता बोललो."

"बरं केलंत."

तो केस कापू लागला. मानेमागचे केस त्यानं बोटांत धरले तेव्हा रिबेकाची पाठ ताठ झाली. ती उठली नाही. तिनं डोळे मिटून घेतले, मान खाली घातली आणि कात्रीचा आवाज ऐकत राहिली. मधेच तिचं अंग हललं. कोंडिबानं कात्री थांबवली, गल्ल्यावरचा स्वच्छ नॅपकिन तिच्या हातात दिला आणि दारात जाऊन तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हं, कापा."

गाडीत ती परत चढली तेव्हा धम्मदीपनं वळून पाहिलं. "मानेला वारं लागत असंल आता," तो म्हणाला. दिवसभरात तो तेवढंच बोलला. पाटस सुटेपर्यंत रिबेकाला खरंच ते वारं जाणवत राहिलं.

रविवारी तिनं सुलक्षणाला फोटो पाठवला. दिवसभर उत्तर आलं नाही. सोमवारी सकाळी आलं. "तू आजीसारखी दिसतेस. मला थोडा वेळ दे." पुढच्या तीन रविवारी फोन आवाजाचेच आले. चौथ्या रविवारी व्हिडिओ आला. सुलक्षणा बडोद्यात किती उकडतंय ते सांगू लागली. ये म्हणाली. रिबेका बघू म्हणाली. दोघींनाही ठाऊक होतं की सुट्टी मिळायची नाही, आणि मिळाली तरी दोन दिवसांपलीकडं एकमेकींशी काय बोलायचं हा प्रश्न राहणारच.

निवृत्तीला सहा महिने उरले तेव्हा डेपोतून कागद भरायला सांगितले. ओळखपत्रावरचा फोटो चालणार नाही, नवा लागेल, असं क्लार्क म्हणाला. ओळखपत्रावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा बघून तो जरा गोंधळलाही होता. रिबेका स्टँडसमोरच्या स्टुडिओत गेली. फोटोग्राफरनं तिला पांढऱ्या पडद्यापुढं बसवलं, हनुवटी थोडी वर करायला लावली, फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला.

"केस काळे करून देऊ का मॅडम? दोन मिनिटांचं काम आहे. मागंपुढं सगळं एकसारखं होतं."

पडद्यावर एक बारीक केसांची, पांढऱ्या डोक्याची बाई बसली होती. गाल थोडे ओघळलेले, डोळ्यांखाली काळं. रिबेकानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. ही बाई एबनेझरनं कधीच पाहिली नव्हती. पाहिली असती तर काय म्हणाला असता, याचा तिनं विचार केला आणि तिला काहीच ऐकू आलं नाही.

"नको," ती म्हणाली. "आहे तसाच द्या."

"किती कॉपी?"

"तीन लागतात."

"आठचा सेट असतो."

"मग आठ द्या."

तिनं तीन फोटो डेपोत दिले. एक पाकिटात घालून बडोद्याच्या पत्त्यावर पोस्टात टाकला. उरलेले चार कुणाला द्यावेत हे तिला सुचलं नाही. ते तिच्या चामडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात राहिले आणि दुपारी दोनची गाडी लागली म्हणून ती फलाटाकडं गेली.